फुंकरीच्या मापालाही शिक्का हवा

आमच्या तालुक्याच्या गावी वडिलांचं किराणा दुकान होतं. वजनमापांच्या पासिंगचा कॅम्प लागला की ते दुकानाच्या फळ्या लावायचे, काटा आणि वजनं पोत्यात भरून सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि मला बरोबर घेऊन कॅम्पवर जायचे. निरीक्षक साहेबांच्या पेटीत पितळी प्रमाण वजनं असत. त्यांच्याशी आमचं एकेक लोखंडी वजन ताडून पाहिलं जाई. झिजून कमी भरणाऱ्या वजनाच्या बुडाशी, खळग्यात, शिसं घालून घ्यावं लागे आणि मग त्या शिशावर हातोडीने शिक्का उमटे. पासिंगचं सर्टिफिकेट गल्ल्याच्या वर, गिऱ्हाइकाला दिसेल असं टांगलेलं असायचं. वडील म्हणायचे, "गिऱ्हाइकाला आपला शब्द नको, सरकारचा शिक्का दाखवायचा."

आज मी एका कंपनीच्या कर्मचारी-बसगाड्यांचं काम पाहतो. पहिल्या पाळीच्या बस पहाटे पाचला सुटतात. त्याआधी गेटवर प्रत्येक चालकाच्या तोंडासमोर ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे फुंकरीतली दारू मोजणारं यंत्र, धरणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका पहाटे आमच्या सगळ्यांत जुन्या चालकाने फुंकलं आणि यंत्राने 22 दाखवलं, म्हणजे 100 मिलिलीटर रक्तात 22 मिलिग्रॅम अल्कोहोल. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. माळकरी माणूस. आमचा नियम शून्याचा. मामांनी खिशातून होमिओपॅथीची छोटी बाटली काढली. "साहेब, खोकल्याचे थेंब आत्ताच घेतलेत जिभेवर, गाडीत पाणी भरताना." मी रजिस्टरमध्ये 22 लिहिलं, पुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि बदली चालकाला फोन लावला. मामांनी नळावर चूळ भरली आणि तिथेच कट्ट्यावर बसून राहिले. पंचवीस मिनिटांनी मी पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. पण वरून निरोप आला की पहिली नोंद तीच खरी. मामांचा तीन आठवड्यांचा पगार बुडाला.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी माउथवॉशने गुळणी केली आणि त्याच यंत्रात स्वतः फुंकलं. 64. पाच मिनिटांनी 19. पंधरा मिनिटांनी शून्य. दारूचा थेंब कधी न घेतलेला मी, यंत्राच्या मते दोन-तीन मिनिटं तुरुंगात जाण्याइतका प्यायलेला होतो. मग मी यंत्र उलटं करून पाहिलं. बुडाशी विक्रेत्याने चिकटवलेला एक कागद होता, त्यावर कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्र प्रमाणाशी ताडून पाहण्याची, मुदत लिहिलेली. ती संपून चौदा महिने झाले होते. ते यंत्र रोज माझ्याच हातात असे आणि तो कागद मी कधी वाचला नव्हता.

आधीच सांगतो, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल मला कणभर सहानुभूती नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 15,224 आपल्या महाराष्ट्रात. यातले किती मृत्यू दारूमुळे झाले याचा सरकारी आकडा लहान दिसतो, कारण अपघातानंतर चालकाची तपासणी वेळेवर होतेच असं नाही. रात्रीच्या रस्त्यावर नाकाबंदी असलीच पाहिजे, ती वाढली पाहिजे. आणि नाकाबंदीवर माझा भरवसा आहे म्हणूनच मला वाटतं की तिथे पोलिसाच्या हातात असलेलं यंत्र भाजीवाल्याच्या काट्याइतकं तरी तपासलेलं असावं.

ब्रेथ ॲनालायझर रक्त तपासत नाही. ते श्वासातला अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्तात किती असेल याचा हिशेब मांडतं. या हिशेबामागे एक गृहीत आहे: खोल फुप्फुसातून आलेल्या 2100 मिलिलीटर हवेत जितका अल्कोहोल, तितकाच 1 मिलिलीटर रक्तात. हे प्रमाण सरासरीचं आहे. माणसागणिक ते बदलतं, एकाच माणसात ताप असताना आणि नसताना बदलतं, पिऊन किती वेळ झाला यावरही बदलतं. इंग्लंडच्या कायद्यामागे धरलेलं प्रमाण 2300 च्या आसपास आहे. म्हणजे एकच फुंकर, दोन देशांत रक्ताचे दोन आकडे.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ने ठरवलेली मर्यादा आहे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम. ती ओलांडली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आता हे 30 मिलिग्रॅम श्वासाच्या भाषेत किती होतात ते पाहू. 2100 ने भागलं तर एक लीटर श्वासात साधारण 0.143 मिलिग्रॅम. इतकं बारीक माप रात्री दोन वाजता, रस्त्याच्या कडेला, मागे हॉर्न वाजत असताना, मुठीत मावणाऱ्या यंत्राने घ्यायचं आहे.

कायदेशीर मापनाचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरवणारी ओआयएमएल ही संस्था आहे. पुराव्यासाठी वापरायच्या श्वास-यंत्रांबद्दलची तिची शिफारस आर 126 या क्रमांकाने ओळखली जाते. तिच्या 2012 च्या आवृत्तीत नव्या यंत्राला लीटरमागे 0.020 मिलिग्रॅम किंवा 5 टक्के, यातली जी जास्त असेल तितकी चूक माफ आहे. वापरात असलेल्या यंत्राला 0.030 मिलिग्रॅम किंवा 7.5 टक्के. वाचायला हे फार थोडं वाटतं. पण 0.030 ला 2100 ने गुणून रक्ताच्या भाषेत आणलं तर 100 मिलिलीटरमागे 6.3 मिलिग्रॅम होतात. म्हणजे जगातल्या चांगल्या मानकाला उतरलेलं, वेळेवर तपासलेलं यंत्रसुद्धा 30 दाखवत असेल तेव्हा खरा आकडा 24 च्या आसपास असू शकतो किंवा 36 च्या. इंग्लंडमध्ये मर्यादा आहे 100 मिलिलीटर श्वासात 35 मायक्रोग्रॅम, म्हणजे लीटरमागे 0.35 मिलिग्रॅम. तिथे हीच चूक मर्यादेच्या नऊ टक्क्यांच्या आत राहते. आपल्याकडे ती मर्यादेच्या एकवीस टक्के होते.

आपली मर्यादा कडक आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण सोनं तोलायला बटाट्याचा काटा कोणी वापरत नाही. मर्यादा जितकी खाली, यंत्र तितकं काटेकोर हवं. आपण नेमकं उलटं केलं. मर्यादा सोन्याची ठेवली आणि काटा कुठून आणला, कोणी तपासला, हे विचारलंच नाही.

बाजारात मिळणारी सगळी यंत्रं एका जातीची नसतात हेही लोकांना माहीत नसतं. स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो अल्कोहोलला जागतो तसा सिगारेटच्या धुराला, रंगाच्या वासाला, मधुमेह बळावलेल्या माणसाच्या श्वासातल्या ॲसिटोनलाही जागू शकतो. चांगल्या यंत्रांत फ्युएल सेल असतो: प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. हा सेल बराच भरवशाचा असतो, पण तोही म्हातारा होतो. वापराने, धुळीने, उन्हाने त्याची धार जाते आणि तो कमी दाखवायला लागतो. विदर्भात मे महिन्यात पोलिसांच्या जीपच्या डॅशबोर्डवर दिवसभर तापलेलं यंत्र आणि कोकणात पावसाळी रात्री दमट खिशातून काढलेलं यंत्र एकसारखं मोजेल का? आपल्या हवेत तपासून पाहिल्याशिवाय हे कोणालाच सांगता येणार नाही. थंड देशातल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र इथे पुरेसं नाही.

सेल म्हातारा झाला की यंत्र कमी दाखवतं, हा मुद्दा निसटू नये. सदोष यंत्र निर्दोष माणसाला अडकवतं एवढंच आपण बोलतो. पण तेच यंत्र खरोखर पिऊन आलेल्याला 'जा' म्हणून सोडतं, आणि त्याची तक्रार करायला कोणी येत नाही. सुटलेला माणूस का बोलेल? पुढच्या चौकात त्याच्या गाडीखाली जो येईल, त्याला कधीच कळणार नाही की दोन किलोमीटर मागे एक यंत्र चुकलं होतं. यंत्राची विश्वासार्हता हा आरोपीचा हक्क आहेच, आणि पायी चालणाऱ्याचाही तितकाच आहे.

मामांच्या बाबतीत यंत्र खोटं बोललं नव्हतं, हेही मी मान्य करतो. त्यांच्या तोंडात अल्कोहोल होताच, थेंबांतला. यंत्र फुप्फुसातली हवा मोजतंय असं गृहीत धरून चालतं. जिभेवर, हिरड्यांत, घशात रेंगाळलेला अल्कोहोल आला की हिशेब फसतो. जुलै 2025 मध्ये केरळ राज्य परिवहनच्या पंदळम आगारात हेच घडलं. एका चालकाने घरून आणलेला पिकलेला फणस सहकाऱ्यांनी सकाळी खाल्ला आणि कामावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत यंत्राने त्यांना प्यायलेलं ठरवलं. चालकांनी शपथेवर सांगितलं तेव्हा ज्याची नोंद शून्य होती अशा एकाला फणस खायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं. त्याचाही आकडा वर गेला. कोकणातल्या कोणालाही विचारा, जास्त पिकलेला बरका फणस आंबायला लागला की कसा वास येतो ते. पंदळमच्या चालकांचं नशीब की तिथे लगेच प्रयोग करून पाहायला कोणी तयार झालं. आमच्या गेटवर तो शहाणपणा मला दाखवता आला नाही.

या घोटाळ्यावर उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे: पंधरा मिनिटं थांबणं. माणसाला बसवा, चूळ भरू द्या, काही खाऊ-पिऊ देऊ नका, मग पुन्हा फुंकायला सांगा. तोंडातला अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जातो, रक्तातला जात नाही. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने वैमानिकांसाठी हेच ठरवून दिलं आहे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी, मधल्या वेळात चूळ भरण्याची मुभा, आणि यंत्र फ्युएल सेलचं, नोंद साठवणारं, छापणारं. वैमानिकाला ही वागणूक मिळते हे योग्यच आहे. माझा प्रश्न एवढाच की बस चालवणाऱ्याला ती का नाही? त्याच्याही मागे पन्नास माणसं बसलेली असतात, आणि त्याचीही नोकरी त्या एका आकड्यावर टांगलेली असते.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 203 च्या स्पष्टीकरणात श्वास-चाचणीची व्याख्या आहे: केंद्र सरकारने राजपत्रातल्या अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारच्या यंत्राने केलेली चाचणी. म्हणजे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं की यंत्र कोणतं हे महत्त्वाचं आहे. त्याच कलमाने या चाचणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला. पण मान्य प्रकार म्हणजे काय, त्याने किती चुकलेलं चालेल, किती महिन्यांनी तपासायचं, कोणी तपासायचं, तपासलं नाही तर काय, हे सगळं कायद्यात कुठेच आलं नाही. खरेदी निविदांनी झाली, कॅलिब्रेशन विक्रेत्यांकडे गेलं. ज्याने यंत्र विकलं त्यानेच ते बरोबर असल्याचा दाखला द्यायचा. माझ्या वडिलांना कोणी सांगितलं असतं की काटा विकणाऱ्यानेच पासिंगही करायचं, तर त्यांनी ते ऐकूनही घेतलं नसतं.

याहून जास्त बोचणारी गोष्ट आपल्याच राज्याच्या दफ्तरात आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याखाली 1959 मध्ये वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम झाले. ते नियम मी वाचले तेव्हा थक्क झालो. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी. जिथून रक्त घ्यायचं ती जागा निर्जंतुक पाण्याने पुसावी. रक्त घेताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये. कमीत कमी 5 सीसी रक्त घ्यावं. बाटलीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रव्य असावं, बाटली हलवावी, बंद करावी, सील करावी. 1959 साली, श्वास-यंत्र इथे कोणी पाहिलंही नसेल तेव्हा, आपल्या राज्याने एका बाटलीभर रक्तासाठी इतका विचार केला. स्पिरिटच्या बोळ्याने नमुना दूषित होईल आणि एखादा न प्यायलेला अडकेल, ही भीती त्या नियम लिहिणाऱ्याला होती. त्या अनाम कारकुनाला किंवा डॉक्टरला मला नमस्कार करावासा वाटतो. त्याच तोडीचा विचार आपण रस्त्यावरच्या यंत्राबद्दल साठ वर्षांनंतरही करू नये?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. फार नियम केले तर वकिलांचं फावेल, पैसेवाले तांत्रिक मुद्द्यांवर सुटतील. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका निकालाने 20,667 श्वास-चाचण्या पुराव्यातून बाद केल्या. यंत्रं प्रमाणित करताना वापरायचं अल्कोहोलचं द्रावण 34 अंश सेल्सिअसला आहे का हे एका ठरावीक, प्रमाणित थर्मामीटरने पाहायचं असतं, कारण श्वास साधारण त्याच तापमानाला बाहेर पडतो. ती एक पायरी गाळली गेली होती. एका थर्मामीटरपायी वीस हजारांवर प्रकरणं डळमळली. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये म्हटलं की फुंकण्याआधीच्या कोऱ्या चाचणीत यंत्र शून्य दाखवत नसेल तर पुढच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

या निकालांतून काही जण असा अर्थ काढतात की नियम असले की गुन्हेगार सुटतात. मला उलटं दिसतं. पायरी गाळली म्हणून ते सुटले. न्यायालयं आज ना उद्या यंत्राबद्दल विचारणारच आहेत. ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी आपल्याकडे उत्तर असावं, छापील, तारखेसह. नाहीतर थर्टी फर्स्टच्या रात्री कुडकुडत उभ्या राहिलेल्या हवालदाराची मेहनत पाण्यात जाईल. आणि पैसेवाला वकील लावून सुटेल हे खरं, पण नियम नसतील तर मामांसारख्याला सुटायचा रस्ताच नाही. तो वकील लावत नाही. तो गुन्हा कबूल करून दंड भरतो, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

रक्तचाचणी आहे ना, मग श्वासाच्या यंत्राचं एवढं काय, असंही कोणी म्हणेल. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना कित्येक तासांनी घेतला गेला. तो नमुना ससून रुग्णालयात बदलला गेल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तिथल्या दोन डॉक्टरांना अटक केली. अख्ख्या राज्याने ते दिवस संतापात काढले. प्यायलेल्या माणसाच्या रक्तातून ताशी सरासरी, 100 मिलिलीटरमागे, 15 मिलिग्रॅम अल्कोहोल कमी होतो. रात्री अडीचला 60 असलेला माणूस पहाटे साडेपाचला 15 वर येतो. वेळ गेला की रक्त पुरावा गमावतं, आणि बाटली हाताहातांतून जाते. फुंकर मात्र जागेवर, सगळ्यांसमोर, एका क्षणात नोंदवता येते. ती बदलायला दुसऱ्या कोणाचा श्वास आणता येत नाही. विश्वासार्ह यंत्राने अपघाताच्या जागी, लगेच, छापील नोंद निघाली तर पुढे रक्ताच्या बाटलीशी खेळण्यात कोणाला फारसा अर्थच उरणार नाही. श्वास-यंत्र हा गरिबाच्या आणि मृताच्या बाजूचा पुरावा होऊ शकतो. त्यासाठी ते आधी भरवशाचं हवं.

2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैध मापनाच्या, म्हणजे वजनमापं तपासण्याच्या, 2011 च्या सामान्य नियमांमध्ये पुराव्यासाठीच्या श्वास-यंत्रांचा समावेश करण्याचा मसुदा मांडला. दरवर्षी पडताळणी, शिक्का, छापील निकाल अशा गोष्टी त्यात आहेत. त्याच वर्षी वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांनाही पडताळणी आणि शिक्का लागू झाला. दिशा बरोबर आहे. वैध मापन कायद्यात माणसाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेलं मापही मापच धरलं आहे. रिक्षाचं मीटर, पेट्रोलचा पंप, डॉक्टरचा थर्मामीटर, सगळे त्या कायद्याखाली आहेत. श्वासाचं यंत्र तिथे आधीच यायला हवं होतं.

पण कागदावरचा नियम आणि चौकातलं यंत्र यांच्यात मोठं अंतर असतं. ते काटायचं तर काही गोष्टींवर आग्रह धरावा लागेल. पहिली म्हणजे पडताळणी विक्रेत्याने करायची नाही. जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयाकडे ठरावीक तीव्रतेच्या वायूचे सिलिंडर, प्रमाणित थर्मामीटर आणि शिकलेला माणूस हवा. हे नसेल तर शिक्का म्हणजे नुसता रबराचा छाप. शंभर यंत्रांमागे दहा जादा यंत्रं घ्यावी लागतील, म्हणजे तपासणीला गेलेल्या यंत्रांमुळे नाकाबंदी अडणार नाही. हा खर्च आहे, आणि तो करायचा आहे.

दुसरी गोष्ट चुकीच्या सीमेची. इंग्लंडमध्ये दोनदा फुंकायला लावतात आणि दोन आकड्यांतला कमी तोच कायद्याने धरतात. शिवाय मर्यादा 35 असली तरी 40 च्या खाली सहसा खटला भरत नाहीत, यंत्राच्या चुकीचा फायदा माणसाला देतात. आपल्याकडेही यंत्राची माफ असलेली चूक वजा करूनच आकडा धरला जावा. 32 आलेल्या माणसाची गाडी जरूर थांबवा, त्याला घरी दुसऱ्या वाहनाने पाठवा, पण 32 वर खटला उभा करू नका. जर्मनीने श्वासासाठी वेगळी मर्यादाच कायद्यात लिहिली, लीटरमागे 0.25 मिलिग्रॅम. रक्ताच्या आकड्याचा आधार घेत बसण्यापेक्षा हे जास्त सरळ आहे. आपणही श्वासाची मर्यादा श्वासातच लिहावी असं माझं मत आहे, म्हणजे 2100 च्या वादाचा अर्धा भाग तिथेच संपेल.

तिसरी गोष्ट, फुंकणाऱ्याला हातात काहीतरी मिळालं पाहिजे. छापील पावती: यंत्राचा क्रमांक, पडताळणीची तारीख, फुंकण्याआधीचं शून्य, दोन्ही आकडे, दोन्ही वेळा. आणि त्या पावतीवर मराठीत एक ओळ, की तुम्हाला निकाल मान्य नसेल तर रक्तचाचणी मागू शकता. कलम 204 ने पोलिसाला रक्ताचा नमुना मागण्याचा अधिकार दिला आहे. मागण्याचा तसाच स्पष्ट हक्क चालकालाही असावा.

आणि आमच्यासारख्या खासगी गेटांचं काय? पोलिसांच्या यंत्रांना उद्या शिक्का लागेल, पण बसवाले, कारखाने, खाणी, शाळांच्या गाड्या, सगळीकडे हीच यंत्रं आहेत, बहुतेक ऑनलाइन मागवलेली स्वस्त. तिथे खटला होत नाही, म्हणून कायदा पाहत नाही. पण माणसाची रोजी तिथेच जाते. साधी गोष्ट करता येईल: चाळणी लावायला कोणतंही यंत्र वापरा, पण शिक्का नसलेल्या यंत्राच्या आकड्यावर कोणाचा पगार कापता येणार नाही, कोणाला काढता येणार नाही. समजा, एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर रोज हजार चालक फुंकतात. त्यांतले पाच खरोखर प्यायलेले आहेत आणि यंत्र शंभरात एकदा चुकतं. तरी रोज पाच खऱ्यांबरोबर जवळपास दहा निर्दोष पकडले जातील. यंत्र नव्व्याण्णव टक्के बरोबर असूनही पकडलेल्यांत निर्दोषच जास्त. हा हिशेब प्रत्येक गेटवरच्या माणसाने एकदा कागदावर मांडून पाहावा. मी मांडला, तेव्हा मला त्या रजिस्टरची जुनी पानं चाळायचं धाडस होईना.

वर्तमानपत्रांत 1 जानेवारीला मथळा येतो, 'तळीरामांना दणका', आणि खाली शेकड्यांचा आकडा. त्या आकड्याशेजारी मला एकदा तरी हे वाचायचं आहे की ती यंत्रं कधी तपासली होती.

आमच्या गेटवर आता दोन यंत्रं आहेत. एकाने काही दाखवलं की पंधरा मिनिटं थांबून दुसऱ्याने बघायचं, हे मी वरिष्ठांकडून लेखी मिळवलं. त्याला सात महिने लागले. मामा पुन्हा पहिल्या पाळीला आहेत. गाडीत पाणी भरून झालं की ते गेटवर येतात आणि तोंड उघडण्याआधी यंत्राकडे बोट करतात. मी कोरी चाचणी घेतो, त्यांना शून्य दाखवतो, यंत्र उलटं करून तारीख दाखवतो. ते चष्मा वर सारून ती वाचतात. मग फुंकतात.